जुन्या बाजारपेठेचे छप्पर आणि स्लॅबचा आग्रह

शंभर-सव्वाशे वर्षांच्या कौलारू व्यापारी इमारतीचे छप्पर बदलायची वेळ आली, की एरवी कशावरही न जुळणारे मालक, गाळेधारक, नगरपालिकेचा अभियंता आणि ठेकेदार एका मुद्द्यावर लगेच एक होतात. कौले-वासे उतरवा आणि स्लॅब टाका, म्हणजे पुन्हा वर बघायला नको. पुण्याच्या पेठांत, कोकणातल्या बाजारांत, मडगाव-म्हापशाच्या जुन्या दुकानांच्या ओळींत, मुंबईच्या वखारींत हेच ऐकू येते. कौलारू छप्पर कच्चे आणि स्लॅब पक्का, ही समजूत इतकी रुळली आहे की तिच्यासाठी आता कोणी पुरावा मागत नाही. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी चांगल्या इमारती हकनाक खचत आहेत, असे माझे म्हणणे आहे. ते मांडण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीने मांडायला हवा, कारण तो अडाण्यांचा पक्ष नाही.

स्लॅबचे समर्थक म्हणतात की कौले दरवर्षी फुटतात. वाऱ्याने सरकतात, त्यांच्यावर माकडे उड्या मारतात, केबल टाकणारे आणि टाकी बसवणारे बेधडक पाय देतात. पूर्वी मे महिन्यात शाकारणी करणारी माणसे गावोगाव होती. आता जाणता माणूस शोधण्यातच पावसाळा तोंडावर येतो. लाकडाला वाळवी लागते, लाकूड पेटते, आणि नवे सागवान घेणे सगळ्यांना परवडत नाही. स्लॅब घातला तर चोराला कौले काढून आत उतरता येत नाही. शिवाय गच्ची मिळते, पाण्याची टाकी ठेवता येते, आणि उद्या परवानगी मिळाली तर एक मजलाही चढवता येतो. शेवटी ते असे म्हणतात की ज्याच्या गाळ्यात लाखोंचा माल भरला आहे त्याला वारशाच्या सौंदर्याच्या गोष्टी सांगू नका. त्याला कोरडी जागा हवी.

हा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. दुकानाचे, वखारीचे, मंडईचे छप्पर मालाचे रक्षण करत नसेल तर त्याच्या देखणेपणाची वकिली करण्यात अर्थ नाही. म्हणून सौंदर्य आणि इतिहास तूर्त बाजूला ठेवतो आणि सगळा वाद कोरड्या जागेच्याच निकषावर करतो.

मंगलोरी कौल गळत असेल तर ते नेमके कुठे गळते, इथून सुरुवात करू. या कौलाचा मूळ घाट अल्सासमधल्या आल्टकिर्श गावच्या झिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये पेटंट केलेल्या एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचा. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरच्या जेप्पू भागात नेत्रावतीच्या काठी कारखाना काढला आणि तिथून ही कौले समुद्रमार्गे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधीच्या कुंभारी नळीच्या कौलांना दरवर्षी परतावे लागे. मंगलोरी कौलाच्या कडांना खाचा आणि उंचवटे असतात, एका कौलाची कड शेजारच्या कौलाच्या खाचेत बसते, आणि वाऱ्याने आत ढकललेले पाणी त्याच खाचेतून खालच्या कौलावर उतरते. पुरेसा उतार असलेल्या पाख्याच्या मधल्या भागात, कौल धड असेल तर, पाणी सहसा शिरत नाही. ते शिरते सांध्यांत. दोन पाखी जिथे आतल्या बाजूने मिळतात त्या खोबणीत, छप्पर शेजारच्या उंच भिंतीला टेकते तिथे, पुढच्या कठड्यामागे दडलेल्या पन्हळीत आणि आढ्यावरच्या निखळलेल्या चुन्यात. खोबणीतला पत्रा गंजलेला असतो, पन्हळ पाचोळा आणि कबुतरांच्या घाणीने बुजलेली असते, भिंतीच्या सांध्यावर कोणीतरी सिमेंट थापलेले असते आणि ते तडकलेले असते.

पन्हळीचा हिशोब तर कोणीच करत नाही. दहा मीटर रुंद आणि वीस मीटर लांब जागेवरच्या छपरावर तासाला 100 मिलिमीटर वेगाने सर कोसळली, तर त्या तासात वीस हजार लिटर पाणी खाली यायचे असते. मुंबईत आणि कोकणात अशा सरी अपवाद नव्हेत. एवढे पाणी दोन अरुंद, अर्ध्या बुजलेल्या नळांतून उतरणार नाही; ते पन्हळीच्या आतल्या काठावरून भिंतीत आणि वाशांच्या टोकांत उतरते. खाली उभ्या व्यापाऱ्याला दिसते ती ओली भिंत, आणि दोष जातो कौलांना. रोगाचे निदान असे चुकले की शस्त्रक्रिया कितीही मोठी केली तरी रोग जागच्या जागी राहतो. स्लॅब पडल्यावरही कठडा तोच राहतो, शेजारची उंच भिंत तीच राहते, पावसाच्या पाण्याचे नळ तेवढेच राहतात. बदल एवढाच होतो की जे पाणी उतारावरून काही क्षणांत निघून जात होते ते आता सपाटीवर रेंगाळते.

आणि रेंगाळलेले पाणी वाट काढते. कौलारू छपराखाली उभे राहिले की गळती नेमकी कुठल्या कौलाखाली आहे ते दिसते; शिडी लावून तेवढे कौल बदलता येते. स्लॅबमध्ये पाणी एका कोपऱ्यातून शिरते, कोब्याखालून सरकत जाते आणि भलत्याच ठिकाणी टपकते. मग वॉटरप्रूफिंगवाला येतो, जुन्या कोब्यावर नवा कोबा घालतो, त्यावर डांबरी कापड, त्यावर आणखी काही वर्षांनी रासायनिक लेप. मुंबईच्या फोर्टमधल्या सपाट गच्च्यांवर असे थरावर थर साचलेले आहेत. ‘पुन्हा वर बघायला नको’ या वचनाचे प्रत्यक्षातले रूप हे असे आहे.

आता वजन. माझ्या मते हा या वादातला सर्वांत गंभीर भाग आहे आणि नेमका तोच बैठकीत दोन मिनिटांत उरकला जातो. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचे, आणि चौरस मीटरला पंधरा-सोळा कौले लागतात. रिपा आणि वासे धरले तरी चौरस मीटरला भार 60 ते 70 किलोंच्या आसपास राहतो. पाच इंची स्लॅबचा भार त्याच चौरस मीटरला 310 किलो, आणि वरच्या विटांच्या कोब्याचा व गिलाव्याचा मिळून आणखी सुमारे 200 किलो. गच्चीवर माणसे वावरणार, म्हणून भारतीय मानकानुसार आणखी 150 किलो धरावे लागतात. वरच्याच 10 बाय 20 मीटरच्या इमारतीचा हिशोब घेतला तर डोक्यावर 13 टनांच्या जागी 100 टन बसतात, आणि त्यात माणसे अजून चढलेली नाहीत.

हे शंभर टन कोणाच्या खांद्यावर? जुन्या पेढ्यांच्या खालच्या भिंती जाडजूड असल्या तरी त्यांतला दगड किंवा वीट मातीत नाहीतर चुन्यात बसवलेली असते. वरच्या मजल्यावर पुष्कळदा लाकडी खांब आणि त्यांच्यामध्ये विटांची बारीक भिंत एवढेच असते. पाया त्या काळच्या भारापुरता. या सगळ्याचा हिशोब मांडला की अभियंता सांगतो, आतून आरसीसी कॉलम उभे करू. मग भिंतीला खाचा पाडल्या जातात, जुन्या पायालगत नवे खड्डे खणले जातात, तुळया कापल्या जातात. छप्पर बदलायला निघालेला माणूस शेवटी जुन्या दर्शनी भिंतीमागे नवी इमारत बांधून बसतो. त्याचा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकात कुठेही नसतो.

कॉलम न घालता थेट भिंतीवर स्लॅब टेकवला तर ऊन आपले काम करते. वीस मीटर लांबीच्या स्लॅबचे तापमान रात्रीपासून दुपारपर्यंत पंचवीस अंशांनी वाढले तर तो सुमारे पाच मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. चुन्याची भिंत ही रोजची ओढाताण सोसत नाही. स्लॅबच्या अगदी खाली, भिंतीच्या माथ्यावर, आडवी भेग पडते. पुढच्या पावसाळ्यात पाणी त्याच भेगेतून आत येते. ज्या गळतीसाठी हा सारा खटाटोप केला ती परत येते आणि जाताना भिंतही सैल करून ठेवते.

इथे प्रतिपक्ष किल्लारीचे नाव घेतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे गाडली गेली ती दगड-माती-लाकडाच्या घरांत, मग त्याच बांधणीची तरफदारी कशी करता, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवे. त्या घरांच्या भिंती रुंद होत्या, पण आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांत गुंफलेला नव्हता. मध्ये नुसती माती आणि चिपा. आणि माळवदावर पिढ्यान्‌पिढ्या मातीचे थर चढत जाऊन डोक्यावर प्रचंड ओझे झाले होते. धक्क्याने भिंती फुटल्या. अनेक घरांत लाकडी खणांचा सांगाडा भिंती पडल्यावरही उभा होता. किल्लारीने शिकवले ते असे की विस्कळीत भिंतीवर जड छप्पर ठेवू नये. आपण त्यातून धडा घेतला तो लाकूड वाईट आणि काँक्रीट चांगले असा, आणि आता तशाच भिंतींवर पुन्हा जड छप्परच ठेवतो आहोत.

हा अनुभव इटलीने आपल्या आधी घेतला. सिसिलीतल्या नोतो शहराच्या कॅथीड्रलवरचे मूळ उतरते छप्पर 1950 च्या दशकात काढून तिथे जड काँक्रीटचा स्लॅब घातला गेला. 1990 च्या भूकंपात इमारत खिळखिळी झाली, डागडुजी रेंगाळली, आणि 13 मार्च 1996 रोजी घुमटासह मोठा भाग कोसळला. पुढच्याच वर्षी उंब्रिया आणि मार्के प्रांतांत भूकंप झाला. ‘मजबुतीसाठी’ म्हणून दगडी घरांवर पूर्वी घातलेली काँक्रीटची छते काही गावांत जवळजवळ अखंड राहिली आणि त्यांच्या खालच्या भिंती भुगा होऊन पडल्या, असे तिथल्या अभियंत्यांना दिसले. कडक छत भिंतींना एकत्र बांधते हे तत्त्व खोटे नाही. पण भिंतीच्या अंगी ते ओझे पेलण्याची ताकद नसेल तर बांधणार कोणाला? भिंती बांधायच्याच असतील तर छपराच्या पातळीवर पोलादी पट्ट्या, भिंतीत खोल गेलेले अँकर आणि वाशांवर आडव्या-तिरप्या ठोकलेल्या फळ्या हे काम थोड्या वजनात करतात.

काँक्रीट टिकाऊ आहे ही समजूत तशी खानदानी आहे. 1931 च्या अथेन्स सनदेत, प्राचीन वास्तूंच्या मजबुतीसाठी आधुनिक साधनांचा आणि विशेषतः प्रबलित काँक्रीटचा विचारपूर्वक वापर करायला जगभरच्या तज्ज्ञांनी मान्यता दिली होती. त्याच अथेन्समध्ये निकोलाओस बालानोस यांनी अॅक्रोपोलिसवर लोखंडी कांबी आणि पकडी घालून संगमरवर जोडला होता. लोखंड गंजून फुगले, संगमरवर फुटला, आणि 1975 पासून ग्रीक सरकारला ते लोखंड काढून टायटॅनियम घालण्याचे प्रदीर्घ काम हाती घ्यावे लागले. आपल्या स्लॅबमध्ये हेच घडते. ताज्या काँक्रीटमधली अल्कता सळईला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ती अल्कता संपवतो. किनाऱ्यावर खारी हवा त्यात भर घालते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो आणि स्लॅबचे पापुद्रे खाली पडू लागतात. साठ-सत्तरच्या दशकांत बांधलेल्या इमारतींच्या जिन्यात मान वर करून पाहिलेल्या कोणाही मुंबईकराला मी काय म्हणतो ते समजेल.

तेव्हा तुलना खरी कशाशी कशाची आहे ते पाहा. जे छप्पर ‘कच्चे’ म्हणून उतरवले जाते त्याचे वासे शंभराहून अधिक पावसाळे पाहून उभे आहेत. त्याच्या जागी येणाऱ्या स्लॅबला, सामान्य दर्जाचे काम धरले तर, तीस-चाळीस वर्षांत मोठी दुरुस्ती लागते. आणि ही दुरुस्ती खालून टेकू लावून, गाळे रिकामे करून, महिनोन्‌महिने धंदा बंद ठेवून होते. कौल बदलताना खालचे दुकान चालू असते.

व्यापाराच्या अंगानेच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बाजाराच्या इमारतीचे छप्पर हे धंद्याचे साधन म्हणून रचलेले असते. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट विल्यम इमर्सन यांनी आखले आणि ते 1869 मध्ये पुरे झाले. पुण्याची महात्मा फुले मंडई, म्हणजे तेव्हाचे रे मार्केट, 1886 मध्ये उघडले. दोन्हींचे आतले अवकाश उंच आहेत, कारण फळे, भाज्या आणि माणसांची गर्दी यांची ऊब वर जाऊन बाहेर पडली पाहिजे. कौलांच्या फटींतून गरम हवा निसटते, काचेच्या कौलांतून उजेड येतो, आणि मालाला उन्हाचा थेट चटका बसत नाही. स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि ते संध्याकाळी, नेमक्या गिऱ्हाइकाच्या वेळी, खाली सोडतो. पावसाळ्यात कोंडलेल्या दमट हवेत गुळाला पाणी सुटते, धान्याला जाळी लागते, कापडाला बुरशीचा वास येतो. मग एसी बसतात. नाशिक जिल्ह्यातला शेतकरी कांदाचाळ बांधतो तेव्हा तळापासून छपरापर्यंत वारा खेळेल अशीच बांधतो; तिच्यावर स्लॅब घालण्याचा विचार त्याच्या मनातही येत नाही, कारण कांदा सडला तर पैसे त्याचे जातात. हे ज्ञान आपल्याकडे आहे. गावातून शहरात आल्यावर ते निरुपयोगी होत नाही.

आगीचा मुद्दा मात्र पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि त्याला हलके लेखणे बेजबाबदारपणाचे होईल. जुन्या लाकडी इमारतीत आग झपाट्याने पसरते. पण बाजारातली आग बहुधा छपरात सुरू होत नाही; ती वायरिंगच्या गुंत्यात, पोटमाळ्यावर कोंबलेल्या मालात, जिन्याखालच्या गॅसवर सुरू होते. मजले, जिने आणि खांब लाकडाचे ठेवून फक्त छप्पर काँक्रीटचे केले तर खालची आग तशीच पेटणार, आणि लाकडी खांब जळून गेले की शंभर टनांचा स्लॅब अग्निशमन जवानांच्या डोक्यावर येणार. आगीची खरी भीती असेल तर पैसा वायरिंगवर, दोन गाळ्यांमधल्या छपरापर्यंत नेलेल्या भिंतींवर, फवारे आणि धूर-सूचकांवर खर्च करा. तो खर्च मी स्लॅबच्या आधी मान्य करीन.

मग इतके सगळे असूनही स्लॅबचा आग्रह का? मला याचे कारण अभियांत्रिकीत दिसत नाही, भाड्यात दिसते. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याला बांधले. 1999 च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मूळ आकडाच इतका लहान की बऱ्याच ठिकाणी त्यातून वर्षाची शाकारणीही निघत नाही. मालक म्हणतो, मी का खर्च करू? गाळेधारक म्हणतो, इमारत माझी नाही. अशा पेचात दरवर्षी थोडा खर्च मागणारे छप्पर दोघांनाही नकोसे होते आणि एकदाच मोठा खर्च करून विषय मिटवण्याची कल्पना गोड वाटते. नगरपालिकांचेही तसेच. नव्या कामासाठी निधी येतो, त्याचे उद्घाटन होते. देखभालीच्या तरतुदीला कोणी वाली नसतो. ‘पक्के’ हा शब्द इथे देखभालीच्या जबाबदारीतून सुटका अशा अर्थाने वापरला जातो, आणि तशी सुटका कुठलेच छप्पर देत नाही.

खर्चाचा प्रश्न क्षुल्लक आहे असे मी म्हणत नाही. पुण्याच्या मंडईला आज ज्यांचे नाव आहे त्या जोतीराव फुल्यांनीच नगरपालिकेचे सभासद असताना या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. जनतेचा पैसा आधी शिक्षणावर जावा ही त्यांची भूमिका होती. सार्वजनिक पैशाबद्दलची ती करडी नजर आजही हवी. तिच्याच कसोटीवर विचारतो: पहिल्या वर्षीच्या बिलावर न थांबता पन्नास वर्षांचा खर्च मांडला, त्यात नवे कॉलम, वॉटरप्रूफिंगचे थर, वाढलेली वीज आणि बंद पडलेला धंदा धरला, तर स्लॅब स्वस्त आहे असे कोण छातीवर हात ठेवून सांगेल?

रंगीत पत्र्याच्या पर्यायाबद्दल थोडक्यात. तो हलका आहे, पण हलकेपणामुळेच वादळात उचलला जातो, पावसात त्याखाली बोलणे ऐकू येत नाही, उन्हात तापतो आणि किनाऱ्यावर स्क्रूच्या भोकांपासून गंजतो. तात्पुरते आच्छादन म्हणून तो उत्तम आहे. कौलांसारखा दिसणारा पत्रा हे मला कोणत्याही अंगाने पटत नाही.

आणि स्लॅब सर्वत्र निषिद्ध आहे असेही माझे म्हणणे नाही. मुळातच आरसीसी किंवा पोलादी सांगाडा असलेल्या इमारतीवर तो योग्य असू शकतो. फोर्टमधल्या ज्या इमारतींच्या गच्च्या लोखंडी गर्डरांवर विटांच्या कमानी आणि वर चुना अशा आहेत, तिथे पाखे उभारण्याचा हट्ट चुकीचा ठरेल. तिथे पहिले काम साचलेले थर उतरवून वजन कमी करणे आणि गर्डरचा गंज तपासणे हे आहे.

आता दुसऱ्या टोकाच्या एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे. वारसाप्रेमींपैकी काही जण म्हणतात, नवी कौले घातली तर जुने उरले काय? मुंबईत 1995 मध्ये, देशात सर्वप्रथम, वारसा नियमावली लागू झाल्यापासून ही भीती अनेकदा बोलून दाखवली जाते, आणि तिचा परिणाम असा होतो की परवानगीच्या धास्तीने मालक फुटके छप्पर तसेच ताडपत्रीखाली ठेवतो. छपराचा वरचा थर झिजण्यासाठी आणि बदलण्यासाठीच असतो. जपायचे असतात ते उतार, उंची, कैच्यांची रचना, वळचणीची लांबी आणि पाणी वाहून नेण्याची रीत. एवढे राहिले तर नवे कौल त्या इमारतीचेच असते.

काम कसे करावे तेही सांगतो, कारण नुसते खंडन करून व्यापाऱ्याचा माल कोरडा राहणार नाही. एका वेळी एकच पाखे उघडावे आणि त्यावर आधी तात्पुरता मांडव घालावा. उतरवलेले प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवावे. खणखणीत वाजले तर ठेवावे, बद्द वाजले तर टाकावे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून एका पाख्यावर एकाच छापाची कौले असावीत. मंगळूरकडचे बरेच कारखाने बंद पडले आहेत. पाडकामातून निघालेली चांगली जुनी कौले हुडकून तीच रस्त्याकडच्या पाख्यावर घालावीत आणि नवी मागच्या बाजूला. वासे आणि तुळया सर्वांत आधी कुजतात त्या भिंतीत शिरलेल्या टोकांशी, तेव्हा पूर्ण लाकूड फेकण्याचे कारण नाही. कुजका भाग कापून सागाचा नवा तुकडा सांधावा, गरज पडल्यास दोन्ही बाजूंनी पोलादी पट्टी द्यावी, आणि टोकाभोवती सिमेंट न भरता हवेला जागा ठेवावी. रिपांखाली वाफ बाहेर जाऊ देणारे पापुद्र्यासारखे कापड अंथरता येते. एखादे कौल फुटले तरी मधल्या काळात माल भिजत नाही. प्लास्टिकचा कागद मात्र घालू नये, त्याखाली लाकूड घुसमटते. खोबणीत तांब्याचा किंवा जाड जस्ती पत्रा, तोही पुरेसा रुंद. पन्हळीचा आकार पावसाचा हिशोब करून. वळचणीची आणि आढ्याजवळची कौले तारेने किंवा स्क्रूने बांधावीत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत मोकळी ठेवलेली कौले उडाली, हे विसरून चालणार नाही. वर जाणाऱ्या प्लंबरासाठी फळ्यांची पायवाट ठेवावी, म्हणजे तो कौलावर पाय देणार नाही. पूर्वपक्षाची अर्धी तक्रार तिथेच मिटते.

माणसे मिळत नाहीत हा उरलेला आक्षेप खरा आहे, पण तो नशिबाचा भाग नाही. वर्षातून एकदा नक्की काम मिळेल अशी खात्री नसेल तर कोणता तरुण शाकारणी शिकेल? एका पेठेतल्या वीस-पंचवीस इमारतींनी मिळून एका सुताराशी आणि त्याच्या माणसांशी वर्षाचा करार केला, तर त्याला पोट भरण्याइतके काम मिळते आणि प्रत्येक मालकाच्या वाट्याला थोडाच खर्च येतो. नगरपालिकांनी आपल्या मंडयांच्या छपरांच्या निविदांत पुढच्या दहा वर्षांची देखभाल हे स्वतंत्र कलम घालावे, आणि ठेकेदाराचे काही पैसे त्या दहा वर्षांत विभागून द्यावेत.

ज्यांच्या हातात आज असा निर्णय आहे त्या मालकांना, बाजार समित्यांना आणि नगर अभियंत्यांना माझी विनंती एवढीच आहे: स्लॅबच्या निविदेवर सही करण्याआधी एक पावसाळा थांबा. जुलैच्या मुसळधार पावसात बॅटरी आणि खडू घेऊन जाणत्या माणसाला छपराखाली पाठवा, पाणी जिथून येते तिथे खूण करायला सांगा, आणि त्या खुणा मोजून मगच ठरवा की बदलायचे काय आहे.